झरीची सभा आणि आपली ग्रामसभा

भाताची मळणी आटोपून खळ्यावर माप घालावयाची वेळ आली, म्हणजे घरातील लहानथोर सारी मंडळी खळ्याभोवती जमतात. मापणारा पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणतो आणि पुढचे आकडे सर्वांना ऐकू जातील अशा आवाजात उच्चारीत जातो. माप शिगेने भरले की सपाट भरले, हे पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. धान्य बंद कोठीत मोजून बाहेर केवळ आकडा सांगितला, तर तो आकडा खरा असला तरी कोणीही शेतकरी तो मुकाट्याने मान्य करणार नाही. परंतु हाच शेतकरी ग्रामसभेच्या नोंदवहीवर, आत काय लिहिले आहे ते न ऐकता, सही किंवा अंगठा करून घरी जातो, असे पुष्कळ गावी आढळून येते. ज्या ठरावावर त्याची विहीर, त्याच्या पाड्याचा रस्ता व त्याच्या वनपट्ट्याचा दावा अवलंबून असतो, त्या ठरावाचे माप तो पाहत नाही. असे का होते आणि ते टाळण्यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधुभगिनींनी काय करावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्याकरिता आपल्याच परिसरातील एका जुन्या सभेची हकीकत प्रथम सांगणे सोयीचे होईल.

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात झरी हे गाव आहे. १९४५ साली हा मुलूख ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात मोडत असे. १९६० मध्ये मुंबई राज्याची विभागणी झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातकडे गेले व तलासरीकडील भाग महाराष्ट्रात राहिला. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. स्वातंत्र्यापूर्वीच्या त्या काळात येथील वारली कुटुंबांच्या बहुतेक जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या होत्या. आपलीच जुनी जमीन कूळ म्हणून कसावी, तिचा खंड भरावा आणि त्याखेरीज जमीनदार बोलावील त्या दिवशी त्याच्या शेतावर फुकट राबावे, अशी रीत पडली होती. हीच वेठ होय. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण आपल्या पत्नीसह धनकोच्या घरी वर्षानुवर्षे राबत राही. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली. तिला या भागातील मोजके वारली गेले होते. त्यांनी परत येऊन पाड्यापाड्यात ऐकलेले सांगितले, आणि त्याच वर्षी २३ मे रोजी झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासींची सभा भरली. शामराव व गोदावरी परुळेकर हे तिचे मार्गदर्शक होते. सभेत जे ठरले ते थोडक्यात असे: रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर काम करावयाचे नाही, वेठ म्हणून फुकट काम करावयाचे नाही, मारहाण झाल्यास प्रतिकार करावयाचा, आणि सर्वांनी एकीने राहावयाचे. त्यानंतर वेठीची प्रथा त्या भागातून झपाट्याने नाहीशी झाली व लग्नगडीही मोकळे झाले. या चळवळीची हकीकत गोदावरीबाईंनी आपल्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

त्या सभेचे राजकारण हा या लेखाचा विषय नव्हे. सभा या दृष्टीने तिच्याकडे पाहावे, एवढेच येथे सुचवावयाचे आहे. जमलेल्यांपैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही ठरलेली गोष्ट अशी होती की, घरी जाऊन न आलेल्या शेजाऱ्याला ती शब्दाने शब्द सांगता यावी. ‘योग्य मजुरी’ असे मोघम न म्हणता ‘बारा आणे’ असा आकडा सांगितला गेला. तो मिळाला की नाही हे ज्याचे त्याला संध्याकाळी हातावरच कळणार होते. दिवसही ध्यानात घेण्याजोगा आहे. मे महिन्याच्या अखेरीस राब भाजून झालेला असतो, मृगाचा पाऊस पंधरवड्यावर आलेला असतो आणि जमीनदाराला नांगरटीसाठी माणसे लागणार असतात. म्हणजे ठरावाची कसोटी दोन-तीन आठवड्यांतच लागणार होती. शेतीच्या वेळापत्रकाशी इतकी नेमकी जुळलेली सभा आजही क्वचितच पाहावयास मिळते.

याच इतिहासातील दुसरी एक घटना सभेच्या सूचनेशी संबंधित आहे. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व पाच आदिवासी मृत्यू पावले. तेथे सभा आहे अशी खोटी बातमी पसरवून लोकांना जमविण्यात आले होते, असे त्या लढ्यातील कार्यकर्त्यांनी पुढे नोंदविले आहे. सभा कोणी बोलाविली, कोठे आणि कशासाठी, हे खात्रीच्या तोंडून कळणे किती अगत्याचे असते हे यावरून दिसेल.

आता आजच्या ग्रामसभेकडे वळू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावातील मतदारांच्या सभेला आपल्या राज्यात कायद्याचे स्थान दिले. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेचा उल्लेख प्रत्यक्ष राज्यघटनेत केला. तलासरी व डहाणू हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येत असल्यामुळे १९९६ चा पेसा कायदा व त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियमही येथे लागू आहेत. हे अधिकार लहान नाहीत. गावात कोणतीही विकासयोजना हाती घेण्यापूर्वी तिला ग्रामसभेची मान्यता लागते. लाभार्थी कोण हे ग्रामसभेने ठरवावयाचे असते. ग्रामपंचायतीने केलेला खर्च त्या कामावरच झाला, असा दाखलाही ग्रामसभेनेच द्यावयाचा असतो. आदिवासी उपयोजनेच्या रकमेतील पाच टक्के निधी अबंध स्वरूपात थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०१५ मध्ये घेतला, आणि तो कशावर खर्च करावयाचा हेही ग्रामसभेवर सोपविले. ज्या मुलखात माणसाला आपल्या दिवसाच्या मजुरीवर हक्क सांगता येत नव्हता, तेथे हे अधिकार आले आहेत.

मात्र अधिकार नोंदवहीत असणे आणि माणसांच्या तोंडी असणे, यांत अंतर राहते. त्या अंतराचा अनुभव मला स्वतःला आला आहे आणि त्यात माझाही दोष होता, म्हणून तो येथे देतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी सिंचन विहिरींसाठी लाभार्थ्यांची प्राधान्य यादी ग्रामसभेत मंजूर करावयाची होती. गावाचे नाव देण्याचे कारण नाही. कृषी विभागातर्फे मी हजर होतो. अकराची सभा साडेबाराला सुरू झाली. विषयपत्रिकेवर सोळा विषय होते व विहिरींचा विषय नववा होता. तो निघेपर्यंत निम्मी माणसे झाडाखाली जाऊन बसली होती. यादी वाचली गेली, परंतु केवळ नावे व आडनावे. आपल्याकडे एका आडनावाची वीस-पंचवीस घरे आणि एका नावाची चार-पाच माणसे असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. पाड्याचे नाव न वाचल्यामुळे अमुक म्हणजे कोणता अमुक, हे कोणालाच उमगले नाही. ‘मंजूर?’ असे विचारले गेले, माना हलल्या, आणि हजर अधिकारी म्हणून मीही सही केली.

पुढील महिन्यात जागांच्या पाहणीसाठी गेलो असता दूरच्या पाड्यातील एका वृद्ध बाईने मला विचारले, “सायब, तुम्ही पण होतात ना सभेला? आमच्या पाड्याचं नाव कधी घेतलं?” मी यादी पुन्हा पाहिली. बारापैकी बाराही विहिरी रस्त्याकाठच्या दोन पाड्यांत होत्या. यादी करणाऱ्याने लबाडी केली होती असेही नव्हे. सातबारा उतारा व जातीचा दाखला ज्यांना चार दिवसांत मिळविता आला त्यांची नावे यादीत आली, आणि असे लोक साहजिकच रस्त्याकाठचे होते. ही गोष्ट सभेत उघड झाली असती तर दूरच्या पाड्यांना कागदपत्रांसाठी महिनाभराची मुदत देता आली असती. तसे झाले नाही. एकाच ओढ्याच्या काठी इतक्या विहिरी खणल्या गेल्या की त्या एकमेकींचे पाणी ओढू लागल्या, आणि तीन विहिरी दुसऱ्या वर्षी मार्चमध्येच तळाला गेल्या. हा दोष भूजलाच्या अभ्यासाचा जितका, तितकाच त्या वाचनाचा होता. ते नीट झाले असते तर पाड्यातील कोणीही म्हातारा मनुष्य ‘त्या ओढ्याला एवढे पाणी नाही’ असे सांगून मोकळा झाला असता.

यावरून सभेच्या प्रत्येक टप्प्याचा विचार करणे इष्ट ठरेल. पहिला टप्पा सूचनेचा. ग्रामसभेच्या नियमित बैठकीची सूचना किमान सात दिवस अगोदर द्यावी व दवंडी पिटून ती सर्वांना कळवावी, असा नियम आहे. व्यवहारात सूचना ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते आणि व्हॉट्सॲपच्या गटावर पडते. ज्या पाड्यात भ्रमणध्वनीचा संपर्क मिळण्यासाठी टेकडीवर चढावे लागते, तेथे तिचा काही उपयोग नाही. दवंडी प्रत्येक पाड्यात फिरावी. शक्य तर आठवडी बाजाराच्या दिवशी बाजारातही. तसेच ‘उद्या सभा आहे’ एवढेच न सांगता ‘विहिरींची यादी ठरणार आहे’, ‘वनहक्काचे दावे वाचले जाणार आहेत’ असे विषय सांगावेत. सभेला माणसे येत नाहीत अशी तक्रार कार्यकर्ते नेहमी करतात. विहिरीची यादी ठरणार हे माहीत असून घरी बसणारा शेतकरी मला अद्याप भेटलेला नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत आणि त्या सामान्यतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशी घेण्याची वहिवाट आहे. हे दिवस राष्ट्रीय दृष्ट्या महत्त्वाचे खरे, पण तलासरी-डहाणूच्या शेतकऱ्याच्या वर्षाशी ते ताडून पाहावेत. दिवाळीनंतर भात झोडून झाले की येथील कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामावर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यामुळे जानेवारी व मे या दोन्ही सभांना अनेक घरांना कुलूप असते. १५ ऑगस्टच्या सुमारास आवणी संपलेली असली तरी बेणणी व खताचा दुसरा हप्ता यांची घाई असते. २ ऑक्टोबरला हळवे भात कापणीस येऊ लागते. चार सभा ही किमान मर्यादा आहे. त्याहून अधिक सभा घेण्यास कोणाचीही मनाई नाही. गावाच्या कामांचा आराखडा व लाभार्थ्यांच्या याद्या यांसाठी एक जादा सभा दिवाळीनंतर, कुटुंबे बाहेर पडण्यापूर्वी घ्यावी, आणि दुसरी जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यावी, अशी माझी शिफारस आहे. सभेचा तास सकाळी अकराचा न ठेवता दुपारी चारनंतरचा ठेवावा. कचेरीच्या वेळेपेक्षा गुरे परतण्याची वेळ या कामाला अधिक योग्य.

तिसरी गोष्ट गणपूर्तीची. राज्यातील नियम असे आहेत की, कितीही मोठ्या गावात शंभर मतदार हजर असले म्हणजे साधारण कामकाजापुरती गणपूर्ती होते. तीन-चार हजार मतदारांच्या गावात शंभर म्हणजे एखाद्या पाड्याची माणसे. वनहक्काच्या बाबतीत मात्र नियम अधिक कडक आहे आणि तो पुष्कळ कार्यकर्त्यांना माहीत नसतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ग्रामसभेच्या एकूण सदस्यांपैकी निदान निम्मे सदस्य हजर असावे लागतात, हजर असलेल्यांत निदान एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, आणि दाव्यांवर ठराव करावयाचा असल्यास दावेदारांपैकी वा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निदान निम्मे उपस्थित असावे लागतात. हे तिन्ही आकडे वेगवेगळे मोजून कार्यवृत्तात लिहावेत. गणपूर्ती नसताना केलेला ठराव पुढे उपविभागीय समितीपुढे अडकतो आणि तोटा होतो तो दावेदाराचा. पिढ्यान्‌पिढ्या कसलेला पट्टा केवळ हजेरी नीट न मोजल्यामुळे लोंबकळत पडावा, याहून वाईट गोष्ट शेतकऱ्याच्या बाबतीत दुसरी नाही.

गाव मोठे व पाडे दूरदूर असतील तर सर्वांनी एकाच ठिकाणी जमणे खरोखरीच कठीण जाते. पेसा कायद्याने यावर उपाय सांगितला आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने गाव म्हणजे महसुली गाव नव्हे. आपल्या चालीरीतींनुसार आपला कारभार चालविणारी वस्ती, वस्त्यांचा समूह किंवा पाडा हेही गाव होऊ शकते. पाड्यातील मतदारांनी बहुमताने तसा ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो व त्यानंतर चौकशी होऊन पाडा ‘गाव’ म्हणून घोषित होतो. अशा पाड्याची स्वतःची ग्रामसभा असते व तिला स्वतःचा ग्रामसभा कोषही उघडता येतो. जेथे दोन पाड्यांमध्ये ओढा आहे व पावसाळ्यात तो ओलांडता येत नाही, तेथे हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा. मात्र वेगळी ग्रामसभा झाल्याने काम कमी न होता वाढते, हे पाड्यातील मंडळींना अगोदर स्पष्ट सांगितलेले बरे.

प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे आपला कायदा सांगतो. ती बहुधा कागदावरच भरते. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांनी मनावर घेतल्यास ती सहज भरू शकते. झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या वाटेवर पावसात पाय घसरतो, शिधापत्रिकेवर किती धान्य प्रत्यक्ष मिळते, ही माहिती स्त्रियांपाशी पुरुषांपेक्षा अचूक असते. त्यांच्या सभेत ठरलेले विषय ग्रामसभेत सर्वप्रथम घ्यावेत. शेवटी ठेवल्यास स्वयंपाकाची वेळ होऊन त्या निघून गेलेल्या असतात.

आता हिशेबाकडे येऊ. आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे ग्रामपंचायतीने मागील वर्षाचे जमाखर्चाचे विवरण, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षकाचे शेरे व त्यांना दिलेली उत्तरे ठेवावयाची असतात. ग्रामपंचायतीच्या दप्तरात अंदाजपत्रक नमुना १ मध्ये व रोकड वही नमुना ५ मध्ये असते. ही दोन कागदपत्रे सभेत टेबलावर असावीत व मागणाऱ्याच्या हाती द्यावीत. तरीही कागद उघडा असणे पुरेसे नाही. ‘पंधरावा वित्त आयोग, बंधित, तीन लाख चाळीस हजार’ असे वाचले तर ऐकणाऱ्यास काहीच बोध होत नाही. त्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीत ग्रामपंचायतीच्या अनुदानापैकी साठ टक्के रक्कम पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेली होती आणि चाळीस टक्के मोकळी होती, हे एकदा समजावून सांगितले म्हणजे ‘बंधित’ या शब्दाचा अर्थ कळतो. मग कोणत्या पाड्यात, कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत, किती फूट नळ टाकला आणि त्याचे पैसे कोणाला दिले, हे वाचावे. पाड्याचे नाव आले की पाड्यातील माणूस कान टवकारतो. शक्य तेथे वारली बोलीत सांगावे. दप्तराची मराठी आणि पाड्यावरची बोली यांत पुष्कळ फरक आहे, आणि तो न ओळखणारा कार्यकर्ता भिंतीशी बोलतो.

पीक कापणी प्रयोग आपल्या शेतकऱ्यांनी पाहिलेला आहे. भाताच्या शेतात दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असा तुकडा आखतात. तो कोठे आखावयाचा हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसते, यदृच्छ अंकांवरून ठरते; कापणी, झोडणी व वजन गावकऱ्यांच्या समक्ष होते. एवढे केल्यामुळेच त्या उत्पन्नाच्या आकड्यावर विमा व पैसेवारी यांची उभारणी करता येते. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचेही तसेच आहे. राजस्थानात पाली जिल्ह्यातील कोटकिराणा या गावी डिसेंबर १९९४ मध्ये मजूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी भरविली. गावात झालेल्या सरकारी कामांचे हिशेब तेथे भर सभेत वाचण्यात आले. ज्यांच्या गावी काम झाले म्हणून कागद सांगत होता, तीच माणसे समोर बसून ऐकत होती. सर्वांसमोर वाचला गेलेला कागद खोटा असल्यास फार वेळ टिकत नाही. अशा मेळाव्यांतून माहितीच्या हक्काची मागणी वाढत गेली आणि २००५ चा माहितीचा अधिकार कायदा झाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमी कायद्याने कामांचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे सोपविले होते. आज ग्रामसभेत मागूनही कागद पाहावयास न मिळाल्यास शेतकऱ्याने दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास शुल्क नाही. कार्यकर्त्यांनी अशा अर्जाचा राग मानू नये. भर सभेत नीट वाचन झालेल्या गावी हे अर्ज आपोआप कमी होतात.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे नाव या संदर्भात वारंवार घेतले जाते. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. तेथील निर्णय सर्वसहमतीने होतात, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्यामागची दुसरी व्यवस्था त्या मानाने कमी परिचित आहे. तेथे ग्रामसभेखेरीज अभ्यास गट असतो. सभेपुढे येणारा प्रश्न या गटात आधी चर्चिला जातो, जाणत्या माणसांना विचारले जाते, कायदा काय म्हणतो ते समजून घेतले जाते. निर्णय मात्र गट करीत नाही, तो ग्रामसभाच करते. आपल्याकडे ही पद्धत सहज सुरू करता येईल. विहिरींचा विषय येणार असेल तर महिनाभर अगोदर चार शेतकऱ्यांनी कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याबरोबर शिवारात फिरून कोणत्या ओढ्याला किती पाणी असते ते पाहावे. वर सांगितलेल्या गावी असे झाले असते तर त्या तीन विहिरी दुसऱ्या जागी निघाल्या असत्या. सर्वसहमतीचा आग्रह मात्र प्रत्येक गावाने लगेच धरावा असे मला वाटत नाही. जेथे बोलण्याची सवय नाही तेथे गप्प राहणाऱ्यांची गणना सहमतीत होऊन बसते.

शेवटी ठराव लिहिण्याविषयी. ग्रामसेवक, ज्यांचे पदनाम २०२४ मध्ये ग्रामपंचायत अधिकारी असे करण्याचा निर्णय झाला, त्यांच्यावर कार्यवृत्त लिहिण्याची जबाबदारी असते. ‘विषय क्रमांक ९ बाबत साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर करण्यात आले’ अशा वाक्यातून काय मंजूर झाले हे दहा वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. त्याऐवजी लाभार्थ्याचे पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पाडा व गट क्रमांक लिहावा. रक्कम अंकी व अक्षरी लिहावी. काम कोणत्या महिन्यापर्यंत पुरे व्हावयाचे ते लिहावे. सूचक व अनुमोदक यांची नावे द्यावीत. कोणी विरोध केला असेल तर त्याचे नाव व कारण एका ओळीत नमूद करावे. विरोध लिहिल्याने ठराव कमजोर होत नाही. हजेरीच्या सह्या सभेच्या आरंभी घेतल्या जातात, त्या हजेरीच्याच पानावर असाव्यात. ठरावाच्या पानावर सभेपूर्वी कोणाचीही सही अगर अंगठा घेऊ नये, व शेतकऱ्यांनीही तो देऊ नये.

प्रत्येक ठराव लिहून झाला की पुढील विषय घेण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा. सर्वांत दूरच्या पाड्यातून आलेल्या एखाद्या व्यक्तीस उठवून ‘काय ठरले ते सांगा’ असे विचारावे. तिला सांगता आले नाही, तर ठराव पुन्हा सोप्या शब्दांत लिहावा. मी स्वतः त्या विहिरींच्या प्रसंगानंतर हा परिपाठ ठेवला आहे. यामुळे सभा अर्धा-पाऊण तास लांबते आणि विषयपत्रिकेवर सोळांऐवजी सहा विषय घ्यावे लागतात. उरलेले विषय पुढील सभेस ठेवावेत. वाचन झाल्यावर अध्यक्षांनी सही करावी, ठरावाच्या खाली राहिलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढावी, आणि ठरावाची एक प्रत तीन दिवसांच्या आत प्रत्येक पाड्यातील अंगणवाडीच्या भिंतीवर लावावी.